वृद्धांच्या गिळण्याच्या त्रासावर उपचार: घरच्या माणसांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

घरातल्या वयस्कर माणसाला जेवताना वारंवार ठसका लागू लागला की "सावकाश जेवा" एवढे सांगून बहुतेक घरांत विषय संपवला जातो. वय झाले की असे व्हायचेच, अशी समजूत त्यामागे असते. वयानुसार गिळण्याचा वेग थोडा मंदावतो हे खरे. परंतु रोज ठसका लागणे, जेवण लांबणे आणि वजन उतरणे हे म्हातारपण नसून आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर त्यांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. त्या काळात कोणाकडे जायचे, काय विचारायचे आणि स्वयंपाकघरात काय बदलायचे हे तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. ते सारे एका जागी मिळावे म्हणून हा लेख लिहिला आहे. तो तज्ज्ञाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही; तज्ज्ञापर्यंत लवकर पोहोचावे आणि त्यांनी सांगितलेले घरी नीट पाळता यावे, एवढ्यासाठी तो आहे.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यावर उभे आहे. आपण घास गिळतो तेव्हा जीभ तो मागे ढकलते, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेवरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. घशातले हे सारे काम साधारण एका सेकंदात उरकते. अर्धांगवायू, कंपवात, स्मृतिभ्रंश, डोके व मानेच्या कर्करोगावरचे उपचार किंवा नुसती स्नायूंची झीज यांमुळे ही हालचाल मंदावते किंवा तिचा मेळ बिघडतो. पाणी मात्र आपल्या वेगाने खाली धावतेच. म्हणून अनेक रुग्णांना भातापेक्षा पाणी गिळणे अवघड जाते. घरच्यांना हे उलटे वाटते, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते.

१. लक्षणे पाहा आणि लिहून ठेवा

आठवडाभर एक वही ठेवा. कोणत्या पदार्थाने ठसका लागला, घोट घेताना लागला की नंतर, जेवणाला किती वेळ लागला, गालात अन्न साचून राहते का, नाकातून पाणी येते का, हे सगळे तीत टिपा. दर आठवड्याला वजन करा. सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांनी, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलोंनी उतरले, तर ती गंभीर बाब आहे.

आवाजाकडे विशेष लक्ष द्या. जेवताना नेहमीचा घोट घेऊन झाला की त्यांना "आ" म्हणायला सांगा. आवाज ओला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा आला, तर स्वरयंत्राजवळ काहीतरी साचले आहे असा त्याचा अर्थ होतो. ठसका मात्र दर वेळी लागतोच असे नाही. घशाची संवेदना कमी झालेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत अन्न उतरते, तरी त्याला खोकलाही येत नाही. त्यामुळे "ठसका थांबला, आता बरे आहे" हा निष्कर्ष घातक ठरू शकतो. कारण न सापडणारा ताप, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, जेवणानंतर वाढणारा दम आणि छातीतली घरघर ही अशा रुग्णाची खूण असते.

आणखी एक भेद नोंदवा. गिळायला सुरुवात करतानाच त्रास होत असेल तर दोष बहुधा तोंडात किंवा घशात असतो. घास खाली गेल्यानंतर काही क्षणांनी छातीत अडकल्यासारखे वाटत असेल तर तो अन्ननलिकेत असू शकतो. आधी पोळी अडकू लागली, मग भात आणि आता पातळ पदार्थही, असा क्रम असेल तर अन्ननलिका अरुंद होत चालल्याची शक्यता असते. तंबाखू, मिश्री किंवा दारूची जुनी सवय असलेल्या माणसाच्या बाबतीत अशा वेळी एक दिवसही वाया घालवू नका. पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

२. योग्य तज्ज्ञापर्यंत पोहोचा

गिळण्याच्या उपचारांचे काम स्पीच थेरपिस्ट करतात, हे अनेकांना ठाऊक नसते. बोलायला आणि गिळायला बरेचसे तेच स्नायू लागतात, म्हणून हे काम त्यांच्याकडे येते. आधी फॅमिली डॉक्टर किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि गिळण्याच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. बऱ्याच ठिकाणी ती आपण होऊन दिली जात नाही, मागावी लागते. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांचीही पुढे गरज पडते.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून आहे. मुंबईचे नायर रुग्णालय आणि पुण्याचे भारती विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी स्पीच थेरपीचे शिक्षण दिले जाते. अशा शिक्षणसंस्थांशी जोडलेल्या विभागांत चौकशी करणे सोयीचे जाते. खासगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि लहान मुलांच्या बोलण्याखेरीज प्रौढांच्या गिळण्याचा अनुभव आहे का, हे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारा.

३. सोबत न्यायची कागदपत्रे आणि वस्तू

- रुग्णालयातून सुट्टी मिळतानाचा सारांश आणि मेंदूच्या स्कॅनचा अहवाल
- छातीचे जुने-नवे एक्स-रे
- सगळ्या औषधांची यादी, त्यात आयुर्वेदिक चूर्णे आणि पोट साफ होण्याची औषधेही
- लक्षणांची आणि वजनाची वही
- कवळी, चष्मा आणि कानाचे यंत्र
- जेवतानाचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ
- रोजच्या खाण्यातले थोडे अन्न आणि पाण्याची बाटली
- आधार कार्ड आणि जुना केसपेपर

व्हिडिओला क्षुल्लक समजू नका. दवाखान्यात रुग्ण सावध असतो, ताठ बसतो आणि दोन चमचे नीट गिळून दाखवतो. घरी रात्रीच्या जेवणात दमल्यावर काय होते ते व्हिडिओतच दिसते.

रुग्णाचे वय ७० किंवा अधिक असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या थेरपीचा खर्च त्यातून निघेल असे गृहीत धरू नका.

४. तपासण्या समजून घ्या

पहिली तपासणी खाटेजवळच होते. थेरपिस्ट तोंड, जीभ आणि खोकल्याची ताकद पाहतात, मग मोजून थोडे पाणी व निरनिराळ्या घट्टपणाचे पदार्थ देतात. पाणी पाजून पाहण्याचा हा प्रयोग घरी करू नका. गरज वाटल्यास पुढची तपासणी दोन प्रकारे होते. एकीत बेरियम मिसळलेले अन्न गिळताना एक्स-रेचे चलच्चित्र घेतले जाते. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा प्रत्यक्ष पाहतात, तिला फीज म्हणतात. रुग्ण नीट बसू शकत नसेल किंवा त्याला हलवणे अवघड असेल तर फीज खाटेवरही करता येते. खोकला न येता अन्न श्वासनलिकेत उतरते आहे की नाही, हे या दोन तपासण्यांतूनच खात्रीने कळते. अहवाल घेताना विचारा: कोणत्या घट्टपणाचे पेय सुरक्षित, कोणत्या प्रकारचे अन्न सुरक्षित, एका वेळी किती, आणि कोणत्या स्थितीत बसवून? ही चार उत्तरे लेखी घ्या.

५. पेयाचा घट्टपणा मोजायला शिका

"थोडे घट्ट करून द्या" ही सूचना कोणाच्याच उपयोगाची नसते, कारण प्रत्येकाचे थोडे वेगळे असते. त्यासाठी इडसी नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तिच्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत: ० ते ४ पेयांसाठी आणि ३ ते ७ अन्नासाठी. तज्ज्ञांकडून पातळीचा आकडाच मागून घ्या.

मोजणी ओट्यावरच करता येते. १० मिलीची साधी सिरिंज घ्या आणि तिचा दट्ट्या काढून टाका. नळीतल्या ० ते १० या खुणांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर असलेलीच सिरिंज या चाचणीला चालते. काही कंपन्यांच्या सिरिंजा त्याहून आखूड असतात, तेव्हा पट्टी लावून पाहा. खालचे टोक बोटाने बंद करून १० च्या खुणेपर्यंत पेय भरा, बोट काढा आणि १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ मिलीपेक्षा कमी उरले तर ते साध्या पाण्यासारखे, पातळी ० चे. १ ते ४ मिली उरले तर पातळी १, ४ ते ८ उरले तर पातळी २, आणि ८ पेक्षा जास्त उरूनही थोडे ओघळत असेल तर पातळी ३. काहीच ओघळले नाही तर पातळी ४ समजून चमच्याने तपासा: चमचा कलता केल्यावर गोळा एकसंध सुटून पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहता कामा नये.

घट्ट करण्याची पावडर औषधांच्या दुकानात मिळते. ती स्टार्चची आहे की झँथन गमची, हे डब्यावर वाचा. स्टार्चने घट्ट केलेले पेय ठेवल्यावर आणखी घट्ट होत जाते आणि तोंडात लाळ मिसळली की पातळ होऊ लागते. झँथन गम तुलनेने स्थिर राहतो. दुधात तो घट्ट व्हायला जास्त वेळ घेतो, म्हणून घाईने आणखी चमचा टाकू नका.

इथे एक सापळा आहे, ज्याबद्दल ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये इशारा दिला होता. बद्धकोष्ठतेसाठी दिली जाणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर स्टार्चने घट्ट केलेल्या पेयात मिसळली की ते पेय पुन्हा पाण्यासारखे पातळ होते. वृद्धांच्या घरात ही दोन्ही पाकिटे एकाच फळीवर असतात. तुमच्याकडे तसे असेल तर पेला तोंडाला लावण्याआधी डॉक्टरांशी बोला.

घट्ट पाणी हे औषधासारखे वापरावे, असे माझे ठाम मत आहे. त्याने श्वासनलिकेत उतरणारा अंश कमी होतो; परंतु न्यूमोनिया टळतोच असे संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि चव आवडत नसल्याने माणसे पाणी पिणेच सोडतात. लघवी गडद होणे, तोंड कोरडे पडणे, दिवसा गुंगी येणे आणि बोलण्यात गोंधळ होणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. काही रुग्णांना तोंड स्वच्छ केल्यानंतर, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत साध्या पाण्याचे घोट देता येतात. आपल्या रुग्णाला ते चालेल का, हे तज्ज्ञांना आवर्जून विचारा.

६. रोजचा स्वयंपाक बदला

वेगळे "आजाऱ्याचे जेवण" शिजवण्यापेक्षा घरातल्याच पदार्थांचा पोत बदलणे अधिक टिकते. पातळी ४ म्हणजे गुठळी नसलेले, चाळणीतून काढलेले अन्न. पातळी ५ मध्ये ४ मिलिमीटरपर्यंतचे मऊ, ओलसर कण चालतात. साध्या काट्याच्या दोन दातांमधले अंतर साधारण तेवढेच असते. पातळी ६ मध्ये दीड सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे चालतात, पण काट्याने दाबल्यावर ते सहज चेपले गेले पाहिजेत.

आपल्याकडे यासाठी पदार्थांची वाण नाही. तांदळाची उकड, घोटलेला गुरगुट्या भात आणि मेतकूट, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, नाचणीचे सत्त्व, एकजीव पिठले, दुधी किंवा लाल भोपळ्याची घोटलेली भाजी, घट्ट दही हे सगळे थोड्या फेरफाराने बसवता येते. प्रत्येक पदार्थात तूप, साय, दूध पावडर किंवा वाटलेली डाळ घाला, कारण अन्न पातळ करताना पाणी वाढते आणि पोषण घटते. पोट भरूनही माणूस खंगत जातो.

फोडणीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. घोटलेल्या मऊ वरणावर तडतडलेली मोहरी आणि कढीपत्त्याचे पान पडले की सगळी मेहनत फुकट जाते. मोहरीचा एक दाणा घशाच्या खळग्यात बसून राहतो आणि जेवण संपल्यावर ठसका आणतो. फोडणी वेगळ्या पळीत करून गाळणीतून तेल तेवढे वरणात ओता. हिंग, जिरे आणि लसणाचा वास राहतो, दाणे राहत नाहीत. कोथिंबीर आणि ओल्या खोबऱ्याचा कीस वरून पेरण्याऐवजी वाटून घाला.

टाळायच्या पदार्थांत चिवडा, शेव, शेंगदाणे, लाह्या, कोरडे पोहे आणि भाकरीचा पापुद्रा हे उघड आहेत. कमी उघड आहेत ते दोन पोतांचे पदार्थ: पातळ आमटीत कालवलेला मोकळा भात, दुधात बुडवलेली पोळी, द्राक्षे, कलिंगड. त्यांत पाणी आधी घशात पळते आणि घन भाग मागे राहतो. साबुदाण्याची खिचडी चिकट असल्याने उपासाच्या दिवशी विशेष सांभाळा. इसबगोल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊच नका; ते पाणी शोषून फुगते आणि अन्ननलिकेत अडकू शकते.

७. भरवण्याची पद्धत

रुग्ण पूर्ण जागा असेल तेव्हाच भरवा. झोपेत असलेल्याला "दोन घास तरी" म्हणून उठवून भरवणे धोक्याचे आहे. खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले असू द्या, आणि पलंगावरच भरवायचे असेल तर पाठीला उश्या लावून शक्य तितके सरळ करा. तुम्ही उभे राहून भरवू नका. त्यांना वर पाहावे लागते आणि मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते. याच कारणाने तांब्याने वरून पाणी पिण्याची सवय सोडवावी लागते. आयुष्यभर तसेच प्यायलेल्या माणसाला ते पटवणे सोपे नसते, पण ते केलेच पाहिजे. वाटी किंवा रुंद तोंडाचा पेला वापरा. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती अनेकांना लागू पडते, सर्वांना नाही. ती तज्ज्ञांनी सांगितली तरच करा.

लहान चमचा घ्या, आणि आधीचा घास गिळला गेल्याचे गळ्यावरच्या घाटीची हालचाल पाहून ओळखल्याशिवाय पुढचा देऊ नका. टीव्ही बंद ठेवा, गिळत असताना प्रश्न विचारू नका. घास अडकल्यासारखा वाटला तर वर पाणी पाजू नका. खोकू द्या, पुन्हा कोरडे गिळायला सांगा. अर्ध्या तासात दमत असतील तर तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे द्या. शेवटी दोन्ही गालांत साचलेले अन्न नाही ना ते पाहा, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ देऊ नका.

८. गोळ्या

गोळी कुटून देण्याआधी प्रत्येक औषधाबद्दल डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारा. नावापुढे एसआर, सीआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असतील तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटल्यास दिवसभराचा डोस एकदम शरीरात जातो. आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्याही कुटू नयेत. हाडांसाठी दिली जाणारी ॲलेंड्रोनेट अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. कंपवाताची लेव्होडोपा गिळता येत नाही म्हणून परस्पर बंद करू नका. तिचा परिणाम चढलेला असताना गिळणेही सुधारते, म्हणून जेवणाची वेळ त्यानुसार ठरवून घ्या.

९. तोंडाची स्वच्छता

फुप्फुसात गेलेल्या लाळेतले जंतू न्यूमोनियाचे मोठे कारण असतात. जपानच्या वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित मुखस्वच्छतेमुळे न्यूमोनिया कमी झाल्याचे दिसले होते. मऊ ब्रशने दिवसातून किमान दोनदा दात, हिरड्या आणि जीभ घासा. चूळ भरता येत नसेल तर ओल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्या. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. तोंडाने काहीच न खाणाऱ्या, नळीवर असलेल्या रुग्णालाही हे तितकेच लागू आहे. नेमकी तिथेच हयगय होते.

१०. व्यायाम

जोर लावून गिळणे, जिभेला चमच्याचा विरोध देणे, आडवे पडून डोके उचलून पायांकडे पाहणे, जोराने फुंकर घालण्याचे यंत्र वापरणे असे व्यायाम असतात. कोणता करायचा हे दोष कुठे आहे त्यावर ठरते. डोके उचलण्याचा व्यायाम मानेचे मणके झिजलेल्या माणसाने परस्पर करू नये. व्हिडिओ पाहून सुरुवात करू नका.

११. घास खरोखर अडकला तर

रुग्ण खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नाही, श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडत आहेत असे दिसले तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळव्याने ५ जोरदार थापा मारा. उपयोग झाला नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके द्या, आणि हे आळीपाळीने चालू ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब द्यायला लागा. तोंडात न दिसणाऱ्या घासासाठी बोट घालू नका आणि पाणी पाजू नका.

१२. नळीचा निर्णय

तोंडाने पुरेसे जात नसेल तर नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे पोटापर्यंत जाणारी अन्नाची नळी, घालण्याचा सल्ला मिळतो. अर्धांगवायूनंतर अनेकांचे गिळणे पहिल्या काही आठवड्यांत सुधारते, त्यामुळे तिथे नळी हा तात्पुरता आधार असतो. चार आठवड्यांहून अधिक काळ लागेल असे दिसले तर पोटातून बसवायच्या नळीबद्दल विचारा. नळी असली म्हणजे फुप्फुसे सुरक्षित झाली असे नाही. लाळ आणि पोटातून उलट येणारे अन्न तरीही श्वासनलिकेत जाऊ शकते. भरवताना आणि नंतर तासभर डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश वर ठेवा. नाकपुडीजवळच्या नळीवर खूण करून घ्या. ती सरकलेली दिसली किंवा रुग्ण खोकू लागला तर नळीत काहीही न सोडता रुग्णालयाशी संपर्क साधा.

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातली गोष्ट वेगळी आहे. तिथे नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसून आलेले नाही, आणि वृद्धोपचारतज्ज्ञ अशा रुग्णाला त्याच्या इच्छेने, जमेल तेवढे, हाताने भरवण्याचा सल्ला देतात. "उपाशी ठेवता का?" असे विचारणारे नातेवाईक येतातच. म्हणून हा निर्णय घाईच्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी न घेता, आधीच डॉक्टरांसमोर सगळ्या भावंडांनी बसून घ्यावा, आणि रुग्णाला बोलता येत असेल तर त्याला काय हवे ते प्रथम विचारावे.

नळी बसली किंवा अन्न घट्ट केले, तरी पुढच्या तपासणीची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या. अर्धांगवायूनंतर पहिल्या महिन्यात दर एक-दोन आठवड्यांनी, नंतर तीन-चार महिन्यांनी फेरतपासणी मागा. पातळी १ वरून ० वर जाता येईल का, पूर्वीसारखा चहा घेता येईल का, नळी काढता येईल का, हे प्रश्न दर भेटीत घरच्यांनीच काढायचे असतात. मधल्या काळात ताप आला, आवाज ओला झाला किंवा दोन दिवस खाणे निम्म्यावर आले, तर तारखेची वाट न पाहता जा.